बंदर रायगडात, संघ नागपुरात

जानेवारी उजाडला की उरणच्या रस्त्यावर पांढऱ्या रीफर कंटेनरची वर्दळ वाढते. ट्रेलरवर जनित्र घरघरत असतं आणि आत शून्य अंशाच्या आसपास नाशिक-सांगलीची द्राक्षं गारठून बसलेली असतात. कधी डाळिंबं असतात, कधी नागपुरी संत्री. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि उरण तालुक्यातल्या भातखाचरांची, मिठागरांची जागा धक्क्यांनी आणि यार्डांनी घेतली. आज राज्याच्या फळबागांचा परदेशाकडचा मोठा दरवाजा रायगड जिल्ह्यात आहे. त्या दरवाजातून रायगडचं स्वतःचं फळ मात्र क्वचितच बाहेर पडतं.

संत्रं इथे होत नाही, त्याला कारण निसर्गाचं आहे. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या पट्टीत लिंबूवर्गीय झाडाच्या मुळाशी पाणी साचलं की डिंक्या लागतो, खोडातून डिंक गळतो आणि झाड बसतं. त्यामुळे परसातलं ईडलिंबू किंवा पपनस यापलीकडे आपली मजल जात नाही. तरीही संत्र्याच्या संघाची गोष्ट अलिबाग-मुरूड-श्रीवर्धनच्या बागायतदारानं वाचावी असं मला वाटतं, कारण त्या गोष्टीतला पेच त्याच्या घरचाच आहे. फळ पिकवणारे हजारो, घेणारे मोजके, आणि मधली जागा रिकामी.

विदर्भात ही रिकामी जागा पिढ्यानपिढ्या व्यापाऱ्यानं भरली. झाडावर बहार असतानाच बागेचा सौदा व्हायचा, अजूनही होतो. अंबिया असो की मृग, व्यापारी बाग बघून आकडा सांगतो, तोडणी त्याची, वर्गवारी त्याची. बारीक फळ 'चुरी' म्हणून बाजूला पडतं आणि त्याचा तोटा शेतकऱ्याच्या खात्यावर चढतो. बाग ठोक्यानं दिली की शेतकऱ्याला आपलं फळ किती मिलिमीटरचं होतं, त्यात रस किती होता, ते कुठे विकलं गेलं, यातलं काहीच कळत नाही. निर्यातीची सुरुवात नेमकी याच माहितीपासून होते.

'महाऑरेंज' ही संत्रा उत्पादकांची संस्था या पोकळीत उतरली. वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा (घाडगे) इथे राज्य कृषी पणन मंडळाचं संत्रा निर्यात सुविधा केंद्र आहे. असं केंद्र आतून पाहिलं की संघानं करायचं काम काय ते समजतं. फळ पट्ट्यावरून धुऊन निघतं, त्यावर मेणाचा पातळ थर चढतो, पंख्याखाली सुकतं आणि आकारानुसार वेगवेगळ्या कप्प्यांत घरंगळतं. मेण कशासाठी? नागपुरी संत्र्याची साल सैल. सोलायला सोपी म्हणून आपल्याला आवडते. पण दूरच्या प्रवासात ती लवकर सुकते, सुरकुतते. मेणामुळे फळातलं पाणी टिकतं. एकट्या पाच एकरवाल्याला असा पट्टा परवडणार नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र सरकारच्या 'अपेडा' या कृषी निर्यात प्राधिकरणाच्या पुढाकारानं नागपुरी संत्र्यांचे १५०० क्रेट घेऊन एक रीफर कंटेनर वाशीहून दुबईला निघाला, तेव्हा त्याची बातमी झाली. एका कंटेनरची बातमी होते, यावरून वाट किती अरुंद आहे ते ओळखावं.

वरूड-मोर्शी भागाला 'विदर्भाचा कॅलिफोर्निया' म्हणायची आपल्याकडे हौस आहे. खऱ्या कॅलिफोर्नियात संत्रा बागायतदारांनी १८९३ मध्येच दलालांना कंटाळून आपली सहकारी विक्री संस्था उभी केली. पुढे तिच्या फळांवर 'सनकिस्ट' हे नाव आलं आणि तेच जगभर गेलं. दक्षिण आफ्रिकेतल्या लिंबूवर्गीय बागायतदारांच्या संघाचा कारभार निर्यातीच्या प्रत्येक खोक्यामागे ठरावीक वर्गणी कापून चालतो. त्यातून संशोधन होतं, नव्या बाजारांचे दरवाजे ठोठावले जातात. युरोपनं फळावरच्या काळ्या ठिपक्यांच्या रोगावरून अटी आवळल्या, तेव्हा त्या देशानं २०२४ मध्ये हे प्रकरण थेट जागतिक व्यापार संघटनेत नेलं. आपण कॅलिफोर्नियाचं नाव उचललं, वर्गणीची सवय तेवढी उचलली नाही.

ती सवय नसल्याचा तोटा बांगलादेशानं दाखवून दिला. नागपुरी संत्र्याचं परदेशातलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश; माल ट्रकनं सीमेपर्यंत जायचा. तिथला आयात कर २०१९ मध्ये किलोमागे २० टका होता, तो २०२३ अखेर ८८ टकांवर गेला. निर्यात आटली, बागेतले भाव कोसळले. राज्य सरकारनं निर्यातदारांना निम्म्या कराइतकं अनुदान देण्यासाठी १७१ कोटी रुपये जाहीर केले. अनुदान वाईट नाही, पण ते निर्यातदाराच्या हातून खाली झिरपायचं असतं, आणि झाडाखाली उभ्या माणसापर्यंत किती झिरपतं हे सांगायला मजबूत संघ लागतो. सारी भिस्त एकाच गिऱ्हाइकावर ठेवण्याची ही किंमत होती.

याच महाराष्ट्रात उलटं उदाहरणही आहे. द्राक्ष बागायतदार संघ साठच्या दशकापासून चर्चासत्रं घेत, छाटणीपासून संजीवकांपर्यंत शिकवत आला. त्या मशागतीवर १९९१ मध्ये 'महाग्रेप्स' उभी राहिली, द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांची मिळून बनलेली विक्री भागीदारी. पहिली वर्षं अपमानाचीच गेली. युरोपात पोचलेले कंटेनर नाकारले जात. मणी गळालेले, देठ सुकलेले, पेट्या दबलेल्या. मग शिस्त आली. पहाटे तोडणी, काही तासांत पूर्वशीतकरण, पेटीत गंधकाचा वायू सोडणारा कागद, घडाला हात लावताना फक्त देठ धरायचा. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत कीटकनाशकाचे अंश सापडले, आणि त्यातून पुढे २००६ मध्ये 'ग्रेपनेट' आलं. प्रत्येक बागेला नोंदणी क्रमांक, प्रत्येक पेटीवरून थेट त्या बागेपर्यंत माग. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकानं पुन्हा तोंड भाजलं आणि शेकडो कंटेनर युरोपात अडकले. द्राक्षवाले रडले, चिडले, पण विखुरले नाहीत. पुढच्या हंगामात तपासणीची यादी लांबली आणि माल पुन्हा निघाला.

माझ्या मते चांगल्या संघाची खूण नकारात आहे. विकून देऊ म्हणणारे पुष्कळ भेटतात. तुझं फळ या खेपेला जाणार नाही, असं सभासदाला त्याच्याच बांधावर सांगणारा संघ दुर्मीळ. तो नकार बागेत मिळाला तर फळ वाशीला विकता येतं. रॉटरडॅमला मिळाला तर फळही गेलं आणि भाडंही.

आता आपल्या आंब्याकडे येऊ. १९९० नंतर रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेनं कोकणातल्या वरकस डोंगरांवर हापूस चढला. रायगडही त्यात आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, ठाणे, पालघर आणि रायगड या पाचही जिल्ह्यांसाठी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाबरोबर ज्या उत्पादक संस्थांच्या नावे ते नोंदलं गेलं, त्या मात्र देवगडच्या, रत्नागिरीच्या, केळशीच्या. रायगडचा एकही संघ त्यात नाही. आपला आंबा देवगड-रत्नागिरीच्या मागून बाजारात येतो, भाव उतरणीला लागलेला असतो. पेट्या वाशीच्या आडतीवर जातात, हंगामाआधी घेतलेली उचल वळती होते आणि हिशेबाची पट्टी घरी येते. शेजारच्या गाळ्यावर कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून खपतो, तेव्हा आपण तणतणण्यापलीकडे काही करत नाही.

निर्यातीचा आंबा झाडावरच ठरतो. फळ चौदा आणे तयार हवं. खांदे देठाच्या वर आलेले, पण पिवळेपणा नाही. जास्त तयार झालं तर साक्याची भीती, कमी असलं तर पिकताना चव येत नाही. झेल्यानं देठासकट काढायचं, दोन-तीन सेंटिमीटर देठ राखायचा, नाहीतर चीक ओघळतो आणि सालीवर काळा डाग पडतो. तो डाग चवीला बाधत नाही, पण लंडनचा दुकानदार फळ चाखायच्या आधी बघतो. पुढे प्रत्येक देशाची अट निराळी. युरोपनं फळमाशीमुळे मे २०१४ मध्ये आपला आंबा बंद केला आणि जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठवली. तिकडे जायचं तर ४८ अंशांच्या पाण्यात तासभर बुडवणं आलं. जपानला वाफेची प्रक्रिया लागते. अमेरिकेनं २००७ मध्ये दार उघडलं (बदल्यात आपण हार्ले-डेव्हिडसन आत घेतली), ते विकिरणाच्या अटीवर. या सोयी पणन मंडळानं वाशीला उभ्या केल्या आहेत, म्हणजे पनवेलच्या बागायतदारापासून तासाभराच्या आत. मे २०२५ मध्ये विकिरणाच्या कागदपत्रांतल्या त्रुटीवरून अमेरिकेच्या विमानतळांवर आंब्याच्या १५ खेपा नाकारल्या गेल्या. फळ उत्तम होतं. एक कागद चुकला आणि सगळं नष्ट करावं लागलं.

विमानाचं भाडं अनेकदा फळाच्या किमतीला मागे टाकतं, म्हणून समुद्राची वाट महत्त्वाची. जून २०२२ मध्ये सुमारे साडेसोळा टन आंबा विकिरण करून जहाजानं अमेरिकेला पाठवण्याचा प्रयोग झाला आणि तो पंचवीसेक दिवसांनी पोचला. हे जहाज न्हावा-शेव्याहूनच सुटलं. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पनवेल तालुक्यात नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. बंदर आपलं, विमानतळ आपला, प्रक्रिया केंद्र खाडीपलीकडे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानं श्रीवर्धन-मुरूडच्या वाड्या झोपवल्या, त्यानंतर नव्यानं लावलेली कलमं आता फळाला येऊ लागली आहेत. एवढं जुळून आल्यावर उणीव उरते ती माणसांच्या एकत्र येण्याची.

कोणी म्हणेल, रायगडचा बागायतदार लहान, अर्धा मुंबईत नोकरीला, उन्हाळ्यात पर्यटकाला दारात पेटी विकून मोकळा होतो. त्याला कशाला युरोप? आक्षेप खरा आहे. सगळ्यांनी निर्यात करावी असं नाहीच. पण तालुक्यातल्या पंधरा-वीस जणांनी जरी चौदा आण्यांचं फळ एकाच दिवशी, एकाच मापाचं काढलं, तरी वाशीच्या गाळ्यावर बोलण्याचा सूर बदलतो.

तेव्हा अलिबाग, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनच्या आंबेवाल्यांना एकच विनंती. मोहोर यायच्या आत तालुका कृषी कार्यालयात जाऊन 'ग्रेपनेट'सारख्याच 'मँगोनेट'वर बागेची नोंदणी करा, मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते व्हा, आणि अर्ज एकेकट्यानं न भरता शेजारच्या वाडीवाल्याला बरोबर घेऊन जा.