उकळत्या टाकीचं गणित

२१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी विकसित केलेल्या हायड्रोजन बसचं अनावरण झालं. अशा बसच्या टपावरच्या टाक्यांत हायड्रोजन असतो तो दाबून भरलेला वायू. द्रवरूपात तर तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त इंधन मावलं असतं. मग द्रव का नाही?

घरचा गॅस सिलिंडर हलवला की आत डचमळतं. दाब दिला की एलपीजी नेहमीच्या तापमानालाच द्रव होतो. हायड्रोजनचं तसं नाही. उणे २४० अंश सेल्सिअसच्या वर तो कितीही दाबा, वायूच राहतो. उणे २५३ अंशांपर्यंत थंड केला, की साध्या हवेच्या दाबालाही द्रव होतो. मात्र या थंडाव्यापायी इंधनातल्या ऊर्जेच्या साधारण एक तृतीयांश वीज खर्ची पडते.

हा द्रव ठेवायचा थर्मासमध्ये: दोन भिंती, मधे निर्वात पोकळी आणि तिच्यात चकचकीत पातळ पडद्यांचे थर. तरी नळ्यांतून, आधारांतून थोडी उष्णता आत झिरपतेच. द्रव उकळत राहतो, दाब वाढतो आणि शेवटी झडपेतून वाफ सोडून द्यावी लागते.

पण सोडण्याऐवजी तीच वाफ वापरली तर? ती कोमट करून फ्युएल सेलला द्यायची. तिथे हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन वीज आणि पाणी मिळतं. एका किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते. त्यातली निम्मी वीज म्हणून हाती येते. म्हणजे एक किलोवॉट विजेसाठी तासाला ६० ग्रॅम इंधन. एवढा द्रव उकळायला टाकीत फक्त सात-आठ वॅट उष्णता शिरावी लागते, एका लहान एलईडी दिव्याएवढी! त्याहून कमी झिरपली तर छोटा हीटर लावता येतो. जास्त झिरपली तर इंधन वाया.

अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेचं ‘आयन टायगर’ हे चालकविरहित विमान २००९ मध्ये दाबलेल्या वायूवर २६ तास उडालं होतं. २०१३ मध्ये द्रव हायड्रोजनवर ते ४८ तास हवेत राहिलं. उडताना त्याची मोटर थांबत नाही, त्यामुळे वाफेला सतत गिऱ्हाईक असतं.

बस मात्र रात्री आगारात उभी राहते. मोटर बंद होते, टाकीतली उकळी बंद होत नाही.