भामिनी एका कंपनीची, धैर्यधर दुसऱ्या कंपनीचा

उचगावच्या पुलावरून कोल्हापुरात शिरलेल्या नाटकवेड्याची पावलं खासबागेकडे वळायची. कुस्तीच्या मैदानाला लागून काळ्या दगडातलं नाट्यगृह. राजर्षी शाहूंनी 1915 मध्ये उघडलं ते पॅलेस थिएटर म्हणून. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव मिळालं.

केशवराव कोल्हापूरचेच, जन्म 1890 चा. पोरवयात लुगडं नेसून त्यांनी 'शारदा' गाजवली. 1908 मध्ये हुबळीला 'ललितकलादर्श' ही नाटक कंपनी काढली आणि पुढे ते नायकाच्या भूमिकांत रमले. तिकडे बालगंधर्व शालू, अत्तर आणि लाघवी गाण्याच्या जोरावर रंगभूमीवरची नायिकाच होऊन बसले होते. एकाचा गळा लाडिक, दुसऱ्याचा चढा आणि आक्रमक. रसिकांत सरळ दोन तट. शाहूंचा हात मात्र दोघांच्याही पाठीवर. बालगंधर्वांच्या कानावर मिरजेला उपचार झाले तेही महाराजांच्याच पुढाकारानं.

अशा दोन कंपन्यांचे मालक 8 जुलै 1921 ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात एकाच नाटकात उभे राहिले. टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. वरच्या वर्गाचं तिकीट शंभर रुपये, त्या काळातले! नाटक खाडिलकरांचं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. टेंबे आमच्या करवीर तालुक्यातल्या सांगवड्याचे, त्यामुळे त्या रात्री कोल्हापूर रंगमंचावरही होतं आणि चालींच्या सुरांतही.

कुणी कुणावर मात केली, हा वाद पुढे वर्षानुवर्षं रंगला. मला तो फिजूल वाटतो. प्रतिस्पर्ध्याच्या शेजारी उभं राहून त्याच्या जागांना दाद द्यायची आणि आपली जागा आपण घ्यायची, हे काम मित्रालाच जमतं. भामिनीला असा धैर्यधर पुन्हा लाभला नाही. तीनच महिन्यांत, 4 ऑक्टोबरला, केशवराव विषमज्वरानं गेले. वय 31. बालगंधर्व त्यांच्यामागे 1967 पर्यंत जगले.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवरावांच्या नावाच्या त्या नाट्यगृहाला आग लागली. छप्पर, रंगमंच, खुर्च्या, सगळं गेलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.

आता ते पुन्हा उभं करायचं आहे. उद्घाटनाला भाषणं होतीलच. पण पहिला प्रयोग 'मानापमान'चा लावा, आणि भामिनी एका संस्थेची, धैर्यधर दुसऱ्या संस्थेचा घ्या.