कामाची फेरवाटणी: सेवाग्राम, २०२०-२१

३० एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने करोनाच्या प्रादुर्भावानुसार देशातले जिल्हे लाल, नारिंगी आणि हिरव्या गटांत विभागले, तेव्हा महाराष्ट्रातल्या सहा हिरव्या जिल्ह्यांत वर्धा होता. टाळेबंदीला पाच आठवडे होऊन गेले होते, मुंबईत रुग्णांना खाट मिळवण्यासाठी वणवण करावी लागत होती आणि वर्धा जिल्ह्यातला पहिला रुग्ण अजून नोंदला जायचा होता. तो मे महिन्यात नोंदला गेला. २०११ च्या जनगणनेनुसार जेमतेम १३ लाख लोकसंख्येच्या या जिल्ह्यात दोन वैद्यकीय महाविद्यालयं आहेत: सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि सावंगी (मेघे) इथलं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय. पुढे जिल्ह्यातल्या गंभीर रुग्णांचा भार मुख्यतः याच दोन ठिकाणी आला. तयारीला मिळालेले ते आठवडे मोलाचे होते, पण खाटा मांडणं आणि यंत्रं मागवणं हा तयारीचा सोपा भाग. अवघड भाग म्हणजे कोणाचं काम कोण करणार हे नव्याने ठरवणं. सेवाग्रामच्या संस्थेकडे पाहताना माझं म्हणणं एवढंच आहे की ही फेरवाटणी संकटाच्या दिवसांत जन्माला येत नाही. आधीच्या पन्नास वर्षांत रोजच्या कामात जे रुळलेलं असतं, त्याच्याच आधारावर ती उभी राहते.

या संस्थेचा जन्मच साथीच्या आसपासचा आहे. १९३९ मध्ये तरुण डॉक्टर सुशीला नायर सेवाग्रामला गांधीजींच्या आश्रमात आल्या आणि लगोलग वर्ध्यात कॉलऱ्याची साथ पसरली. ती त्यांनी जवळपास एकटीने हाताळली. लस टोचण्याबद्दल गांधीजींचे स्वतःचे आक्षेप जगजाहीर होते, तरी याच तरुण डॉक्टरला त्यांनी आपल्या प्रकृतीची जबाबदारी सोपवली. १९४५ मध्ये बिर्लांच्या अतिथिगृहात बायका-मुलांसाठी छोटं कस्तुरबा रुग्णालय सुरू झालं आणि १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, त्याला जोडून देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं. आज तिथे सुमारे हजार खाटा आहेत. विदर्भातूनच नव्हे, शेजारच्या तेलंगण आणि मध्य प्रदेशातूनही रुग्ण येतात. नव्या विद्यार्थ्यांचा पहिला पंधरवडा आश्रमात जातो: प्रार्थना, सूतकताई, सफाई, स्वयंपाकघरातलं काम. मग प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. अंगावर खादी असते आणि आवारात दारू, तंबाखू, मांसाहार चालत नाही. बाहेरच्याला हे सगळं प्रतीकात्मक वाटतं. पण आपल्या पदाच्या चौकटीबाहेरचं काम करण्यात कमीपणा नाही, हे ज्या डॉक्टरला अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी हातात झाडू देऊन शिकवलेलं असतं, त्याला महामारीत वेगळं काम सांगणं थोडं तरी सोपं जातं.

आता काम म्हणजे नेमकं काय बदललं ते पाहू. वैद्यकीय महाविद्यालय एकाच वेळी तीन कामं करतं: उपचार, शिक्षण आणि संशोधन. ती विभागांच्या भिंतींनी वेगळी ठेवलेली असतात. औषधवैद्यकशास्त्राचा वॉर्ड वेगळा, अस्थिरोगांचा वेगळा, प्रत्येकाचा प्रमुख वेगळा, ओपीडीचा वार वेगळा. करोनाने या भिंती निरर्थक केल्या. नियोजित शस्त्रक्रिया थांबल्या की शल्यविभागाचे निवासी डॉक्टर मोकळे होतात आणि त्याच वेळी भूलतज्ज्ञांना अतिदक्षता विभागातून बाहेर पडायला उसंत नसते. सूक्ष्मजीवशास्त्र विभाग एरवी रुग्णांना दिसतही नाही. आता रोजच्या शेकडो नमुन्यांचा अहवाल त्याच्याकडूनच यायचा असतो आणि तो येईपर्यंत वॉर्डात रुग्ण कुठे ठेवायचा हेही ठरत नाही. सुरुवातीला वर्ध्याचे नमुने नागपूरला जात. सेवाग्रामच्या प्रयोगशाळेत आरटी-पीसीआर तपासणी सुरू झाल्यावर हा प्रवास वाचला, पण त्यासाठी माणसं पाळ्यांमध्ये बांधावी लागली.

त्यात वर्ध्याचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि पीपीई किट म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत हवा न जाऊ देणारं आवरण. एकदा चढवलं की पाणी पिता येत नाही, लघवीला जाता येत नाही, चष्म्यावर वाफ धरते, मास्कची कड नाकावर वळ उमटवते. विदर्भात उन्हाळ्यावरचा सर्वांचा उपाय म्हणजे वाळ्याचा कूलर. पण खोलीतलीच हवा फिरवणारा कूलर संसर्गाच्या वॉर्डात धोक्याचा. बाहेरची हवा ओढून आत सोडणारा आणि खिडक्या उघड्या ठेवून चालणारा कूलरच तिथे चालतो. म्हणजे पाळी किती तासांची असावी, कूलर कुठे बसवावा, कपडे बदलायची खोली कोणत्या बाजूला असावी, हे प्रश्न आता औषधाच्या मात्रेइतकेच वैद्यकीय झाले. प्राणवायूचंही तसंच. मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे सात हजार लिटर प्राणवायू मावतो. मिनिटाला साठ लिटर देणाऱ्या उपकरणावर एकच रुग्ण असला तरी तो दोन तासही पुरत नाही. सिलिंडर बदलणारा कामगार अर्धा तास उशिरा आला, तर शेजारी उभ्या असलेल्या तज्ज्ञाचं सगळं ज्ञान निरुपयोगी ठरतं.

सर्वांत मोठा बदल मात्र एका वेगळ्याच ठिकाणी झाला आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं. आपल्याकडच्या रुग्णालयात रुग्णासोबत नातेवाईक असतो. तो नुसता सोबतीला नसतो. तो रुग्णाला भरवतो, कूस बदलायला मदत करतो, बेडपॅन देतो, रक्ताची बाटली घेऊन प्रयोगशाळेत जातो, रात्री सलाईन संपत आलं की सिस्टरला हाक मारतो. या कामाचा पगार नसतो, नोंद नसते, पण ते थांबलं तर वॉर्ड थांबतो. करोनाच्या वॉर्डात नातेवाइकाला मज्जाव झाला आणि ही सगळी कामं एका दिवसात परिचारिका, वॉर्डबॉय आणि कनिष्ठ डॉक्टरांच्या अंगावर आली. पालथं झोपवलेल्या रुग्णाला वळवायला चार-पाच हात लागतात. शिवाय गावी असलेल्या माणसांना रोज फोन करून हाल सांगणं हे नवं काम उभं राहिलं आणि वाईट बातमी देणं हा त्याचाच भाग होता. ज्या आश्रमाच्या शेजारी हे महाविद्यालय आहे, तिथे परचुरेशास्त्रींची कुटी आजही आहे. कुष्ठरोग झालेल्या या संस्कृत पंडिताची शुश्रूषा गांधीजी स्वतःच्या हाताने करत. संसर्गाची भीती आणि माणसाला लागणारा स्पर्श यांतला पेच या आवाराला नवा नव्हता.

ज्यांना येता येत नव्हतं त्यांचं काय, हाही प्रश्न तितकाच मोठा होता. एसटी बंद, रेल्वे बंद, आणि हिंगणघाटचा मधुमेही किंवा यवतमाळची झटक्यांची रुग्ण औषध संपत आल्याच्या चिंतेत. केंद्राने २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आणि फोनवरून सल्ला देण्याला स्पष्ट नियमावली मिळाली. पण समोर रुग्णाचे जुने कागदच नसतील तर फोनवर सल्ला देणार कसा? सेवाग्राममध्ये रुग्णनोंदी संगणकावर आणायचं काम पंधराएक वर्षं आधीच झालं होतं. रुग्णाचा क्रमांक टाकला की आधीच्या तपासण्या आणि भेटी समोर येतात. त्या काळी अनेकांना ती जास्तीची कटकट वाटली असेल. महामारीत मात्र डॉक्टर रुग्णाला न पाहताही त्याच्याबद्दल काही जाणू शकत होता, ते या कटकटीमुळेच. स्वस्त औषधांची योजनाही अशीच. जेनेरिक औषधं थेट घ्यायची, यादी आटोपशीर ठेवायची, कमी दरात द्यायची. ही शिस्त आधीपासून होती.

या शिस्तीची खरी परीक्षा २०२१ च्या वसंतात झाली. त्या फेब्रुवारीत दुसरी लाट राज्यात आधी अमरावती, यवतमाळ, अकोल्याकडे उसळली आणि पाहता पाहता रेमडेसिविरच्या कुपीसाठी लोक रात्र रात्र रांगेत उभे राहू लागले. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच भरती रुग्णांत त्याच्या वापराची शिफारस नाकारली होती. बऱ्या झालेल्या रुग्णांच्या प्लाझ्माचा उपयोग होत नाही हे भारतातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर झालेल्या चाचणीने दाखवून दिलं होतं, तरी तो उपचारांच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेतून निघाला तो मे २०२१ मध्ये. कस्तुरबा रुग्णालयाचे तेव्हाचे वैद्यकीय अधीक्षक डॉ. एस. पी. कलंत्री यांनी पुराव्याविना दिल्या जाणाऱ्या औषधांविरुद्ध जाहीरपणे भूमिका घेतली. त्याच मे महिन्यात वर्ध्यातल्या जेनेटेक लाइफसायन्सेसमध्ये रेमडेसिविरचं उत्पादन सुरू झालं, कारण मागणी तशीच होती. हतबल नातेवाइकांना दोष देण्यात अर्थ नाही, आणि पुढे सौम्य आजारातल्या जोखमीच्या रुग्णांसाठी या औषधाला मर्यादित जागाही मिळाली. पण डॉक्टरने चिठ्ठी लिहिली की एका कुटुंबाची वणवण सुरू होते आणि वॉर्डातली माणसंही त्यामागे लागतात. जे औषध द्यायचं नाही ते न देण्याचा निर्णय म्हणजे मनुष्यबळाचीच बचत. स्टेरॉइड, प्राणवायू, पालथं झोपवणं आणि सतत लक्ष ठेवणं, एवढ्यावर भर राहिला तर हात मोकळे राहतात.

यावर पहिला आक्षेप असा की सगळ्याच वैद्यकीय महाविद्यालयांनी हे केलं, मग सेवाग्रामचं कौतुक कशाला? सावंगीच्या खासगी महाविद्यालयाला आश्रमाचा वारसा नाही, तरी त्यांच्या आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयाने मोठा भार उचलला. हे खरंच आहे, आणि त्यामुळे माझा मुद्दा उलट पक्का होतो. मोठं बाह्यरुग्ण काम, खेड्यांतली शिबिरं, रोजची गर्दी हाताळायची सवय तिथेही होती. वारसा कोणत्या नावाचा, हे दुय्यम आहे. सेवाग्रामकडे त्यात एक जास्तीची गोष्ट होती, ती म्हणजे गावाशी चाळीस वर्षांचा व्यवहार. डॉ. उल्हास जाजू यांनी उभ्या केलेल्या विमा योजनेत कुटुंबं सुगीला ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि त्या बदल्यात उपचारांची हमी मिळायची. आंजीसारख्या ठिकाणी ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रं होती. विलगीकरणाला घाबरून लक्षणं लपवणाऱ्या गावात कोणाचा शब्द चालतो, हे या व्यवहारावर ठरतं. भिंतीवर लावलेल्या पत्रकाने ते काम होत नाही.

दुसरा आक्षेप शिक्षणाचा आहे आणि तो मला पूर्णपणे खोडता येत नाही. पडद्यावर व्याख्यान होतं, पण यकृत वाढलंय का हे बोटांना कळावं लागतं आणि ते रुग्णाच्या पोटावर हात ठेवूनच कळतं. महाविद्यालयं डिसेंबर २०२० मध्ये उघडायला परवानगी मिळाली. २०२० ची तुकडी तर फेब्रुवारी २०२१ मध्ये सुरू झाली आणि लगेच दुसऱ्या लाटेत सापडली. आश्रमातला एकत्र राहण्या-जेवण्याचा पंधरवडा ज्या संस्थेच्या शिक्षणाचा पाया आहे, तिच्यासाठी अंतर राखण्याचा नियम म्हणजे अभ्यासक्रमाच्या मुळावरच घाव. ऑनलाइन वर्गांनी ही भरपाई झाली असं जे म्हणतात, ते वर्ग झाल्याची हजेरी मोजत असतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या प्रशासक मंडळाने महामारी व्यवस्थापनाचा भाग पदवीच्या अभ्यासक्रमात घातला, हे योग्य झालं. पण वॉर्डात न मिळालेले महिने पुढच्या वर्षांत तासांनिशी भरून द्यायला हवे होते.

तिसरा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. सेवेच्या परंपरेचं नाव घेऊन खालच्या माणसांकडून जास्तीचं काम काढून घेतलं जातं. करोनाच्या वॉर्डातला कचरा दुहेरी पिवळ्या पिशवीत भरायचा, तिच्यावर चिठ्ठी लावायची, बाहेरून हायपोक्लोराइट फवारायचं आणि वेगळ्या गाडीने न्यायचं, अशी नियमावली होती. ती पाळणारे हात सफाई कामगारांचे होते. विद्यार्थ्याने पंधरवडाभर झाडू धरला म्हणून हा भार बरोबरीने वाटला गेला असं होत नाही. निवासी डॉक्टरांचंही तेच. ३ मे २०२१ रोजी केंद्राने पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा किमान चार महिने पुढे ढकलली आणि आंतरवासिता डॉक्टरांना वरिष्ठांच्या देखरेखीखाली करोनाच्या कामावर घ्यायला सांगितलं. परीक्षा ११ सप्टेंबरला झाली, पण आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकला. अंतरिम आदेश ७ जानेवारी २०२२ रोजी आला आणि प्रवेशफेरी १२ जानेवारीला सुरू झाली. वर्षाच्या मध्यापर्यंत रुजू व्हायला हवी होती ती पहिल्या वर्षाची तुकडी इतके महिने देशातल्या कोणत्याच महाविद्यालयात नव्हती आणि तिचं काम वरच्या दोन तुकड्यांनी ओढलं. संस्थेच्या सवयी कितीही चांगल्या असल्या तरी रिकाम्या जागा त्यांनी भरत नाहीत. म्हणून पाळीचे तास, जोखमीचा भत्ता, विलगीकरणातली भरपगारी रजा आणि कामगाराच्या मृत्यूनंतर घरच्यांना मिळायची रक्कम या गोष्टी वाटणीच्या तक्त्यातच लिहिलेल्या असाव्या लागतात, डॉक्टरच्या नावासमोर जशा, तशाच सिलिंडर बदलणाऱ्याच्या नावासमोर.