चरबी उतरवा, ताकद राखा

उपाशी राहून वजन उतरवणारे अनेकजण आपल्या आसपास असतात. काटा खाली येतो, पण जिना चढताना पाय थरथरतात. कारण उपासमारीत चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि वय वाढेल तसे ते परत मिळवणे अवघड होते.

म्हणून जेवण एकदम तोडू नये. साखरेचा चहा, तळण आणि थोडा भात कमी करावा. आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी पुरे. प्रथिने मात्र कमी करू नयेत. व्यायामासह वजन घटवताना दर किलो वजनामागे साधारण १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलोच्या व्यक्तीला ७२ ते ९६ ग्रॅम. एका अंड्यातून सुमारे ६, तर ५० ग्रॅम कोरड्या सोयावड्यांतून सुमारे २५ ग्रॅम मिळतात. डाळ, मासे, चिकन जोडीला असावे. आपल्या घरांत बाई शेवटी जेवते आणि तिच्या वाट्याला नुसता रस्सा उरतो. ही सवय आपणच मोडायला हवी.

आठवड्यातून दोन-तीनदा बैठका, जोर किंवा वजन उचलणे हवेच. नुसत्या चालण्याने स्नायू टिकत नाहीत. काट्याबरोबर कंबरही मोजावी: पुरुषांची ९०, स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी.

मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.