स्टिअरिंगचा उखळी सांधा

आमची १९९८ सालची मारुती ८०० सरळ चालेनाशी झाली होती. स्टिअरिंग दोन बोटे फिरवावे तेव्हा कुठे चाकांना जाग येई, आणि खड्डा आला की पुढून डावीकडे 'टक्' असा आवाज होई. दहावीतली भाची म्हणाली, "मामा, गाडीला संधिवात झालाय." बोलली ती थट्टेने, पण निदान जवळजवळ बरोबर होते.

स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला एक लहान दातेरी चाक असते. ते फिरले की एक दातेरी पट्टी डावी-उजवीकडे सरकते आणि तिच्या दोन्ही टोकांच्या दांड्या पुढची चाके वळवतात. पण चाक नुसते वळत नाही, रस्त्याप्रमाणे वरखालीही होते. म्हणून दांडी आणि चाक यांच्यामध्ये खांद्यासारखा उखळीचा सांधा बसवतात. वाटीत एक पोलादी गोळी, भोवती वंगण आणि वर रबरी टोपण. यालाच गॅरेजमध्ये 'टायरॉड एंड' म्हणतात. टोपण फाटले की आत पाणी व धूळ शिरते, वंगणाची जणू पॉलिशपेस्ट होते आणि गोळी झिजते.

मागच्या चाकांना दगडांची उटी लावून आम्ही पुढचे चाक जॅकने उचलले आणि गाडीखाली लोखंडी घोडी ठेवली. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातही घालू नये. घड्याळातील नऊ आणि तीन या जागी चाक धरून हलवले, तर सांधा डोळ्यांदेखत डुलला. (बारा आणि सहा या जागी धरून हलले, तर संशय दुसऱ्या भागांवर घ्यावा.)

चाक काढून सांध्याचा नट सोडला, तरी सांधा जागचा हलेना. का? त्याचा खुंटा निमुळता आहे. समजा, दर १० मिलिमीटर लांबीला त्याचा व्यास १ मिलिमीटरने घटतो. म्हणजे प्रत्येक बाजूचा उतार ०.०५. पोलादावर पोलादाचे घर्षण धरा ०.१५. घर्षण उताराच्या तिप्पट. मग नटने एकदा आत ओढून बसवलेला खुंटा आपणहून सुटेल कसा? बाटलीचे घट्ट बूच आठवा.

इथे खुंट्याच्या टोकावर हातोडा मारण्याचा मोह होतो. त्याने आटे चेपतात. त्याऐवजी नट दोन-तीन आट्यांवर ठेवावा, खुंटा ज्या भोकात बसतो त्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवावा आणि समोरून दुसऱ्या हातोड्याने ठोकावे. भोक क्षणभर किंचित लंबगोल होते आणि पकड सुटते. आमचा खुंटा चौथ्या ठोक्याला सुटला.

आता जुना सांधा दांडीच्या आट्यांवरून फिरवून काढायचा आणि फेरे मोजायचे. मी मोजले चौदा. भाची म्हणाली, "पंधरा!" वडीलकीच्या जोरावर मी नवा सांधा चौदा फेरे बसवला.

नव्या नटाच्या खाचा खुंट्याच्या भोकासमोर येईनात. अशा वेळी नट सैल करायचा नसतो. आवळतच पुढची खाच गाठायची आणि नवी स्प्लिट पिन घालायची. जुनी पिन पुन्हा वापरणे म्हणजे दहा रुपयांसाठी जीव टांगणीला लावणे. हा सांधा निसटला तर ते चाक स्टिअरिंगचे ऐकतच नाही. म्हणूनच आमचे काम गल्लीतल्या जाणत्या मेकॅनिकने तपासल्याशिवाय गाडी हलवली नाही. विद्यार्थ्यांनी हा उद्योग एकट्याने कधीच करू नये.

मग गाडी अलाइनमेंटला नेली. नवा सांधा लांबीला तंतोतंत जुन्यासारखा असेलच असे नाही, त्यामुळे ही फेरी चुकत नाही. तिथे पुढच्या दोन चाकांच्या पुढील कडांमधले आणि मागील कडांमधले अंतर ताडून पाहतात. आमचा फरक हवा त्याहून जवळजवळ ४ मिलिमीटरने चुकलेला निघाला.

भाचीने तिथेच वहीवर हिशेब मांडला. समजा, एका फेऱ्यात सांधा १.२५ मिलिमीटर सरकतो आणि चाक वळवणारा हात १०० मिलिमीटर लांब आहे. म्हणजे चाक ०.०१२५ रेडियन फिरले. बारा इंची रिमचा व्यास सुमारे ३०० मिलिमीटर. ३०० गुणिले ०.०१२५ म्हणजे ३.७५.

"एक फेरा, मामा," ती म्हणाली. कारागिराने लॉकनट ढिला करून दांडी जवळजवळ एक फेरा फिरवली, आणि मी मुकाट्याने पैसे दिले.