भेग सांगणारा तंतू

विमानाच्या पंखावर पाना पडला तर ॲल्युमिनियमला पोचा येतो आणि तो दिसतो. कार्बन फायबरच्या कंपोझिटवर कधी कधी साधा ओरखडाही उमटत नाही, आत मात्र थर सुटलेले असतात. तपासनीस आजही छोट्या हातोडीने किंवा नाण्याने ठोकून पाहतात, मडकं घेताना टिचकी मारावी तसं. बद्द आवाज आला की आत बिघाड आहे. हा बिघाड साहित्यानेच सांगावा, यासाठीची धडपड साडेतीन दशकं चालू आहे.

ताणलेल्या तारेचा विद्युतरोध बदलतो, हे लॉर्ड केल्विन यांनी १८५६ मध्येच दाखवलं होतं. १९८९ मध्ये जर्मनीतल्या शुल्टे आणि बॅरोन यांनी ते कार्बन कंपोझिटला लावून पाहिलं. कार्बनचा तंतू वीज वाहतो, भोवतालचं रेझिन वाहत नाही. भार वाढला की रोध किंचित वाढतो, भार काढला की उतरतो. पण तंतू तुटले असतील, तर तो पूर्वपदावर येतच नाही. थर सुटले, तर जाडीच्या दिशेने वीज जाण्याच्या वाटा कमी होतात. वेगळा सेन्सर चिकटवायचा नाही. जो तंतू भार पेलतो तोच खबर देतो. मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत सुंदर कल्पना हीच वाटते.

१९९३ मध्ये बफेलो विद्यापीठात चेन आणि डेबोरा चुंग यांनी कार्बनचे आखूड तंतू काँक्रीटमध्ये मिसळून तेही बोलतं केलं. काचतंतू वीज वाहत नाही, त्यामुळे तो मागे राहिला होता. २००६ मध्ये डेलावेअरच्या थोस्टेन्सन आणि चाऊ यांनी रेझिनमध्ये एक टक्क्याहूनही कमी कार्बन नॅनोनळ्या मिसळल्या. त्यांचं जाळं रेझिनला गेलेली बारीक चीरही पकडू लागलं.

प्रयोगशाळेबाहेर मात्र गाडी अडते. तापमान आणि ओलावा यांनीही रोध बदलतो, इलेक्ट्रोडचे जोड सैल होतात. शिवाय आकडा वाढला म्हणजे नेमकं कुठे आणि किती बिघडलं, हे सांगणं फार कठीण. वजनाने निम्मं कंपोझिट असलेलं बोइंग ७८७ २०११ मध्ये सेवेत आलं, पण त्याचीही तपासणी मुख्यतः डोळ्यांनी आणि अल्ट्रासाउंडनेच होते.

आणि आकडा मिळाला तरी तो वाचणारा हवा. ‘टायटन’ पाणबुडीचा पाच इंच जाडीचा कार्बन फायबरचा सांगाडा स्वतः बोलणारा नव्हता, पण त्यावर ध्वनिसंवेदक आणि ताणमापक बसवले होते. जुलै २०२२ मध्ये एका खेपेत वर येताना मोठा आवाज झाला आणि त्यानंतर ताणाच्या नोंदी बदलल्या. त्यांचा अर्थ नीट लावलाच गेला नाही. १८ जून २०२३ ला त्याच सांगाड्यातून पाच माणसं खाली पाठवली गेली आणि पाचही गेली. असा आकडा दिसताच यंत्र थांबवणं सक्तीचं करणारा नियम मला नव्या नॅनोनळीपेक्षा आधी हवा आहे.