लिहिलेले स्वर आणि वाजविणारे हात

आपल्या रागसंगीतात गायक रागाची चौकट सांभाळून स्वतःच्या प्रतिभेने त्याचा विस्तार करतो. म्हणून दोन गायकांचा यमन निरनिराळा वाटला, तर आपणांस नवल वाटत नाही. युरोपातील अभिजात संगीताची रीत वेगळी आहे. तेथे रचनाकार स्वरन् स्वर कागदावर लिहून ठेवतो आणि वादकाने तेच स्वर वाजवावयाचे असतात. मग एकच रचना दोन वादकांच्या हातून भिन्न का भासावी?

लुडविग फान बीथोव्हेन (1770–1827) या थोर जर्मन रचनाकाराचे पियानोसाठी लिहिलेले 32 सोनाटा विख्यात आहेत. सोनाटा म्हणजे बहुधा दोन ते चार भागांची वाद्यरचना. त्यांपैकी 1801 मधील एक सोनाटा 'मूनलाइट' या नावाने ओळखला जातो.

पियानोची पट्टी दाबली की आतील हातोडी तारेवर आघात करते. पट्टी सोडली की एक मऊ गादी तारेवर टेकून नाद थांबविते. पायाने पेडल दाबल्यास मात्र सर्व गाद्या वर उचलल्या जातात आणि नाद घुमत राहतो. 'मूनलाइट'चा पहिला भाग संपूर्णपणे गाद्या उचललेल्या ठेवून, अतिशय हळुवारपणे वाजवावा, अशी बीथोव्हेनची सूचना आहे. त्याच्या काळच्या पियानोचा नाद लवकर विरत असे. आजच्या पियानोचा नाद पुष्कळ वेळ टिकतो. सूचना अक्षरशः पाळली, तर स्वरांत स्वर मिसळून गोंधळ होण्याची भीती असते. म्हणून बहुतेक वादक स्वरसंगती बदलताच पेडल सोडून पुन्हा दाबतात. हंगेरीत जन्मलेले आंद्राश शिफ मात्र ते बेताने दाबूनच ठेवतात आणि त्या मिसळण्यातून धूसर, गूढ नाद निर्माण करतात.

आर्टुर श्नाबेल यांनी 1932 ते 1935 या काळात लंडन येथे हे 32 सोनाटा ध्वनिमुद्रित केले. सर्व सोनाटा मुद्रित करणारे ते पहिलेच वादक. 1818 मध्ये पूर्ण झालेल्या 'हॅमरक्लाव्हियर' या अवघड सोनाटासाठी बीथोव्हेनने फार जलद लय लिहून ठेवली आहे. ती गाठण्याचा प्रयत्न श्नाबेल यांनी केला आणि त्या धावपळीत काही स्वर चुकले. विल्हेल्म केम्फ यांनी तोच सोनाटा पुष्कळ सावकाश वाजविला. त्यांच्या वादनात प्रत्येक स्वर स्वच्छ उमटतो, परंतु श्नाबेल यांचा तो झंझावात तेथे नाही.

यांपैकी रचनाकाराशी प्रामाणिक कोण? एकाने त्याची लय जपली, दुसऱ्याने त्याचे स्वर जपले. कागदावर खुणा असतात, नाद नसतो. त्या खुणांना नादरूप देताना काय राखावे आणि काय सोडावे, याचा निर्णय वादकालाच करावा लागतो. म्हणून एखादा सोनाटा ऐकावयाचा असेल, तर तो दोन वादकांकडून ऐकावा. म्हणजे लिहिलेल्या स्वरांत किती अर्थ दडलेले असतात, ते आपल्या कानांना कळू लागेल.